‘ह’ची जागा

२ सप्टेंबर, मंगळवार

टक् – टक् – टक् – टक् – आणि मग काहीच नाही. मग पुन्हा टक्.

पहाटे जाग आली ती या आवाजानं. कवितेच्या मास्तरांची लाकडी पट्टी! टेबलाच्या कडेवर ते ठेका धरायचे आणि आम्ही सगळा वर्ग घसे ताणून कविता म्हणायचो. ओळ मधोमध श्वास घेते तिथं पट्टी हवेतच थांबायची. “इथं यती आहे, गाढवांनो! थांबा! धावत म्हणायला कविता म्हणजे काय शर्यत आहे?” मग आम्ही थांबायचो, आणि त्या थांबण्यात खिडकीबाहेरचा कोण कुठला पक्षी आपला सूर घुसवून द्यायचा. मास्तर हसायचे. “बघा, त्याला जागा कळली.”

मास्तरांना जाऊन युग लोटलं. शाळा पाडून तिथं गोदाम झालं. पट्टीचा आवाज मात्र जसाच्या तसा. दुसऱ्यांचे आवाज जपून ठेवायला मला बरं जमतं – फक्त स्वतःचा तेवढा ठेवता आला नाही!

उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आजार त्याच्याबरोबर गेला म्हणतात. आता श्वास गळ्याच्या खड्ड्यातल्या भोकातून येतो-जातो. तोंड उरलंय ते खायला आणि हिरमुसायला. चहावर फुंकरही मारता येत नाही. ‘ही’ समोर बसून माझ्या कपावर फुंकर मारते, वर म्हणते, “लग्नात एवढं एकच वचन द्यायचं राहिलं होतं.”

४ सप्टेंबर, गुरुवार

लेकीचा फोन. आमच्याकडे फोन म्हणजे आता तिघांचा खेळ. ऐकणार मी, बोलणार ही. हिचे कान कापडगिरणीत गेले – तरुणपणापासून मागावर उभी, त्या खडखडाटात. कानातलं यंत्र आणून दिलं तर शिट्टी वाजते म्हणून खणात टाकून दिलंय. पण गिरणीतल्या बाया एकमेकींचे ओठ वाचायच्या. ही अजून वाचते, पेपर वाचावा तशी. तेव्हा लेक बोलते, मी कानानं घेतो, ओठांनी हिला देतो, आणि ही रिसीव्हरमध्ये ओरडते. मध्ये माझा कान आहे याचं हिला भान नसतं.

“बाबा,” लेक म्हणाली, “पाच ऑक्टोबरच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. तिकडं, आपल्याच चर्चमध्ये. आणि नाव तुम्हीच सांगायचं हं. ऐका –”

आणि तिनं हळूच नाव सांगितलं.

आमच्या घरची रीत आहे. पाळकसाहेब पाण्याशी उभे राहून विचारतात, “या बाळाचं नाव काय?” – आणि घरातलं थोरलं माणूस ते मोठ्यानं सांगतं. तोवर ते नाव आईबापांना माहीत, आणि सांगणाऱ्याला. बाकी कुणालाही नाही, आजीलासुद्धा नाही! कुठं लिहायचंही नाही. पहिल्यांदा ते देवाच्या घरात वाजलं पाहिजे. माझं नाव आजोबांनी सांगितलं. लेकीचं नाव वडिलांनी असं सांगितलं की पाळकांच्या हातातलं पाणी हिंदकळलं.

गोड नाव आहे. इथंही लिहीत नाही.

ही माझ्या तोंडाकडे बघत उभी. “काय म्हणते? सांगा की!”

मी ओठ हलवले: सगळे मजेत आहेत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अजून सांगितलेलं नाही. बसस्थानकाच्या निवेदकानं निवेदन दाबून ठेवलंय!

७ सप्टेंबर, रविवार

उपासनेत आज धडा वाचला शिंप्यानं. माणूस देवभोळा, पण वाचतो असा, की एकेका शब्दाला टाचण्या लावत चाललाय. वंशावळीत तर चार पिढ्या कापून टाकल्यान! कोण कुणाचा मुलगा, पत्ता नाही. मी बाकावर बसून मनात दुरुस्त्या करत होतो. धडा वाचायची जागा माझी होती. मी वाचायला उभा राहिलो की मागच्या बाकावरचे पेंगणारेसुद्धा दचकून ‘आमेन’ म्हणायचे.

गाण्याच्या वेळी उभा राहिलो. तोंड उघडलं. हवा गळ्यातून फुस्स. गळ्यावरचा कापडी पडदा हलला तेवढाच – हिनं शिवलेला, कडेला निळी शिलाई घातलेला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं मायेनं पाहिलं, की खाली बसावंसं वाटलं.

घरी येताना हिनं विचारलं, “गप्प का?”

म्हटलं – म्हणजे ओठांनी म्हटलं – दुसरा काही पर्याय आहे का?

ही इतकी हसली की रस्त्यात थांबावं लागलं. मग मीही हसलो. माझं हसणंही आता बिनआवाजाचं. खांदे हलतात नुसते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा रडतोय आणि म्हातारी हसतेय.

८ सप्टेंबर, सोमवार

आज दिवसभर वेतवाला आठवतोय.

बसस्थानकाच्या निवेदन-खोलीत मी उभं आयुष्य काढलं. आधी नुसता कारकून होतो. एकदा स्थानकाचा भोंगा बिघडला, तेव्हा साहेब म्हणाले, “याला उभा करा फलाटावर, काही फरक पडणार नाही. भोंगा दुरुस्त झाला की माईक याच्याच हातात द्या.” तेव्हापासून मी भोंगा. ड्रायव्हर भोंगा म्हणायचे, कँटीनवाला भोंगा म्हणायचा, निरोपाच्या हारावरच्या चिठ्ठीतही ‘आमचे लाडके भोंगा’ असंच होतं.

वेतवाल्याला दिसायचं नाही. वेताच्या खुर्च्या विणायचा. खांद्यावर वेताची गुंडाळी घेऊन रोज संध्याकाळी यायचा, खोलीच्या काचेवर काठीनं टक् टक् टक् करायचा आणि विचारायचा, “भोंगेबुवा, माझी गाडी कुठं?” गाडी रोज त्याच फलाटावर. त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. पण विचारल्याशिवाय पठ्ठ्या हलायचा नाही. मग मी माईक उघडायचो आणि मास्तरांच्या ठेक्यात, यतीसकट, अख्ख्या स्थानकाला ऐकवायचो – “जुना पूल, कापडगिरणी – बंदराकडे – जाणारी गाडी – फलाट क्रमांक तीन!” तो मान डोलवायचा. “वा! चाल झकास.” आणि काठी टेकत तिनावर जायचा.

आमच्या दोघांत काच होती. कधी हातात हात दिला नाही. त्यानं माझं तोंड पाहिलेलं नाही. म्हणजे त्या माणसापुरता मी आवाज होतो, दुसरा काहीच नव्हतो. उद्या तो शेजारून गेला आणि मी त्याच्या समोर उभा राहिलो, तर तिथं कुणीच उभं नसेल.

आता स्थानकावर रेकॉर्ड केलेली बाई बोलते. शुद्ध बोलते. श्वास घेत नाही.

भोंगा गेला. मग हा शर्ट घालून बसलाय तो कोण?

१० सप्टेंबर, बुधवार

दवाखान्यात वाचाताईंकडे. गेलेली वाचा परत शिकवतात म्हणून मी त्यांना वाचाताई म्हणतो – पाटीवर लिहून म्हणतो. पोरगेल्या आहेत, पण शिस्त मास्तरांची.

आज त्यांनी मशीन दिलं. विजेरीसारखं दिसतं. हनुवटीखाली धरायचं, बटण दाबायचं, ते घुंघुं करतं, आणि आपण ओठ-जीभ हलवायची. तेच घुंघुं शब्द होऊन बाहेर पडतं.

पहिला शब्द कोणता काढावा? मी भक्तिभावानं ‘प्रभू’ म्हटलं.

आलं – “प्रबू.”

एका सुरात. वर नाही, खाली नाही. डब्यात माशी अडकावी तसं. मी मशीन टेबलावर ठेवून दिलं. वाचाताई म्हणाल्या, “काका, सूर मशीनचा आहे, तो बदलायचा नाही. विराम मात्र तुमचे. कुठं थांबायचं ते तुमच्या हातात आहे.”

मी पाटीवर लिहिलं: माझ्याकडे पूर्वी सूरही होता.

त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. माझी आई तुमच्या गाडीनं जायची.”

११ सप्टेंबर, गुरुवार

हिला मशीन दाखवायचं नव्हतं. हिला काय, ऐकू थोडंच येणार! पण हिनं पिशवीतून काढलंच. “लावून दाखवा.” लावलं. काहीतरी बोललो. ही टक लावून बघत होती, मग पुढं झाली आणि माझ्या हनुवटीखाली, मशीनशेजारी, तळहात टेकवलान.

“अगंबाई!” म्हणाली. “भुंगा आहे की हा! हातात गुदगुल्या करतोय.”

आणि हात काढेना. “बोला ना. अजून बोला.”

मी आठवेल ते बोलत सुटलो. शाळेतल्या कवितेतली नदी, नदीवरची होडी, होडीवरची सांज, सगळं. ती डोळे मिटून, माझ्या गळ्याशी हात धरून उभी. डोळे मिटले म्हणजे ओठही वाचत नव्हती. नुसती हातानं ऐकत होती.

“किती वर्षांनी तुमचा आवाज लागला हाताला,” म्हणाली. “चांगला आहे.”

भोंग्याचा भुंगा झाला! काना, मात्रा, उकार – सगळी गंमत व्याकरणाची. (आणि हे शब्द भुंग्यातून काढून पाहिले तर ‘बोंगा’ आणि ‘बुंगा’. भ निघत नाही. पोकळ व्याकरण!)

१३ सप्टेंबर, शनिवार

भांडं फुटलं.

पाळकसाहेब भेटायला आले. तरुण आहेत, लाघवी आहेत, फक्त एक घोळ करतात. माझ्याशी बोलताना ओरडतात आणि हिच्याशी बोलताना कुजबुजतात! मी पाटीवर लिहून दाखवलं: मुका मी, बहिरी ही. ते ओशाळले, “हो हो, माफ करा काका,” म्हणाले – आणि पुन्हा ओरडलेच, तोंड हे एवढं उघडून: “पाच ऑक्टोबरला! नाव! तुम्हीच! सांगणार! ना?”

ओरडण्याचं काही नव्हतं. पण एवढे मोठाले ओठ! ही चहा घेऊन दारात उभी होती. गिरणीच्या त्या टोकाला उभी असती तरी वाचले असते.

मी घाईघाईनं पाटीवर लिहिलं: व्याही सांगतील. त्यांना माझ्यातर्फे विनंती करा.

हिनं पाटी माझ्या हातातून घेतली, ओल्या तळव्यानं पुसली, आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. पाळकसाहेब गेल्यावर एवढंच म्हणाली, “सगळे मजेत आहेत, होय?”

१४ सप्टेंबर, रविवार

अबोला. मुक्या आणि बहिरीच्या घरात अबोला म्हणजे काय, ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही. ती माझ्या ओठांकडे बघत नाही! बघितलं तर वाचावं लागेल ना. चुलीकडे तोंड, खिडकीकडे तोंड. मी समोर जाऊन उभा राहिलो की ही डोळे मिटते.

१५ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी डोळे उघडले. म्हणाली, “का नको?”

मी सांगितलं. माझ्या वडिलांनी नाव सांगितलं तेव्हा पाणी हिंदकळलं होतं. मी सांगेन तेव्हा लोक हसतील. पोराच्या आयुष्यात त्याला पडलेली पहिली हाक – ती डब्यातल्या माशीची? देवाच्या घरात? व्याह्यांचा आवाज नाकातून येतो, पण माणसाचा आहे.

ती म्हणाली, “व्याह्यांच्या नाकात नाव गेलं तर परत बाहेर पडायचं नाही.”

मी हसलो नाही. तिनं ओळखलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

वाचाताईंकडे गुपचूप नावाचा सराव करावा म्हटलं. म्हणजे करायचं असं ठरवलं नाही, पण नाव जिभेवर घोळत होतंच. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. (“गुपित आहे होय काका? बरं बरं!”) दार लावून म्हणून पाहिलं.

नावाच्या मधोमध ‘ह’ आहे. तो येतच नाही.

वाचाताई आत आल्यावर पाटीवर विचारलं. म्हणाल्या, “नाही यायचा काका. ‘ह’ म्हणजे नुसता श्वास. बाकी अक्षरं तोंडात तयार होतात. हा मात्र आतून यावा लागतो, आणि तुमचा श्वास आता तोंडाकडे येतच नाही. दुसऱ्या वाटेनं जातो.”

घरी येताना आठवत गेलो, काय काय गेलं या एका अक्षराबरोबर. हाक गेली. हसू गेलं. ‘हो’ गेलं – आता कुणाला होकारही देता येणार नाही, ‘ओ’ द्यायची फक्त! आणि सगळ्यांत वाईट – आयुष्यभर जिला मी ‘ही’ म्हणत आलो, ‘आमची ही’, तिच्यात ‘ह’शिवाय आहे काय? भुंग्यातून ती नुसती ‘ई’ होते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रभू, रागावून बोलायचं तर तेही आता मोठ्यानं येत नाही. म्हणून लिहितो. घ्यायचंच होतं तर गुडघे घ्यायचेस. मोतीबिंदूही चालला असता. डोळे मिटूनसुद्धा कविता म्हणता येते. तुझाच धडा तुझ्याच घरात वाचणारा घसा – तोच कसा सापडला?

उत्तर आलं नाही. की आलं आणि मला वाचता आलं नाही? ओठ दिसले असते तर हिला विचारलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज एक गोष्ट झाली. सावकाश लिहितो.

उपासनेनंतर आम्ही दोघंच बाकावर बसून राहिलो. शिंप्यानं आज पुन्हा टाके घातले होते. मी हिच्याकडे वळलो आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. (मला का सुचलं नव्हतं? मी वाचण्यात दंग होतो.) विचारलं – तुला इथलं काही ऐकू येत नाही. धडा नाही, गाणं नाही. पाळकसाहेब तर वाचताना मान खाली घालतात, ओठही दिसत नाहीत. दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसतेस ती कशासाठी?

ती म्हणाली, “मी ऐकायला कुठं येते? त्याला दिसावं म्हणून येते.”

मी भुवया वर केल्या.

“म्हणजे, त्याला मी सगळीकडे दिसतेच,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की दाराशी गप्पा मारणारे वळले. “पण इथं मी बसते आणि म्हणते, बघ, आलेय. एवढंच. मग छान वाटतं. तुम्ही काय करता?”

मी काय करतो! मी तर वाचायला येत होतो.

ती उठली, गळ्यावरचा माझा पडदा सारखा केलान. “आणि अहो, तुमचा आवाज गेला म्हणून सगळं गाव हळहळतंय. मला तर कळेना, गेलं काय? हे तोंड तेच, ओठ तेच, ओठांतलं नको तेवढं बोलणं तेच. मी ज्यांच्याशी संसार केला ते घरीच आहेत.”

२४ सप्टेंबर, बुधवार

वाचाताई म्हणाल्या, “‘ह’ आणायला जाऊ नका. त्याची जागा सोडा. क्षणभर थांबा आणि पुढचं अक्षर घ्या. ऐकणारा ती भरतो.”

करून पाहिलं. ‘आ – – ए.’ आणि खरंच, ‘आहे’ ऐकू आलं! मला माझंच! मी परत परत म्हणत बसलो. आ – – ए. आ – – ए. यतीच की हा! मास्तर, तुमची पट्टी हवेत थांबायची ती याच जागी.

घरी आलो तर पाळणा जागेवर नाही. लेकीचा, वेताचा. तळाची वीण सुटली होती. हिला विचारलं तर म्हणाली, “दुरुस्तीला दिला. पाववाला आपल्या गाडीतून घेऊन गेला, त्याच्या ओळखीचा कुणी कारागीर आहे. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी देईल आणून.” पोर आलं की निजेल त्यात. निजताना नाव लागत नाही, हे एक बरंय.

२८ सप्टेंबर, रविवार

मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाका मारतो – आज शिंप्यानं हाच धडा वाचला. मी स्वतः किती वेळा वाचला असेल, आणि काय वाचायचो! ‘नावानं’ या शब्दावर तर असा चढायचो, की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आणि वाचताना नेहमी वाटायचं, मी मेंढपाळाच्या बाजूचा. हाका मारणाऱ्या पार्टीतला!

शिंपी आज ‘मेंढरां’वर अडखळला. ‘मेंढ – मेंढ – ’ करत राहिला. त्या अडखळण्यात मला जागा मिळाली, त्या वर्गातल्या पक्ष्यासारखी. अरे बाबा, तू मेंढरू आहेस! आवाज चांगला असावा अशी मेंढराला अट कुठंही नाही. त्याचं काम ऐकणं. आणि कान तर माझे ठणठणीत आहेत!

आजोबांनी पाण्याशी माझं नाव सांगितलं, तेव्हा मी बोलत नव्हतो. तोंडात दात नव्हते, भोंगा तर लांबच. काहीही येत नसलेलं एक गाठोडं होतो, आणि तेव्हाच ‘तू माझा’ म्हणून मोकळा झाला तो मेंढपाळ. मग भोंगा मधे आला. छान होता. गेला. त्याच्या आधीचं जे होतं ते जाईल कसं?

घरी येऊन हिला सगळं ओठांनी सांगितलं. ही म्हणाली, “हळू. दोनदा ‘मेंढरू’ म्हणालात का?”

म्हटलं, हो.

“मला वाटलंच होतं,” म्हणाली.

२९ सप्टेंबर, सोमवार

सराव. स्वयंपाकघराचं दार लावून. ही बाहेरून म्हणते, “मला ऐकू येत नाही, माहीत आहे ना? दार कशाला?”

रीत म्हणजे रीत. हात लावून ओळखशील!

१ ऑक्टोबर, बुधवार

वाईट दिवस.

लेकीची गाडी शनिवारी संध्याकाळी कधी लागते ते विचारायला स्थानकावर फोन केला. मीच केला, भुंगा लावून. मनात हौस, की बघू कोण ओळखतं. पलीकडे कुणी नवा मुलगा. मी जागा सोडून-सोडून नीट विचारलं. तो म्हणाला, “कोण बोलतंय? ए, कुणीतरी मशीन लावून चेष्टा करतंय रे –” आणि मागं हशा. आणि फोन ठेवला.

ज्या खोलीत मी उभा होतो त्याच खोलीतून. तो हशासुद्धा त्या भिंतींवरून कसा उमटतो ते माझ्या ओळखीचं आहे.

हिला सांगितलं. व्याहीच बरे, म्हटलं.

ती उठली. माझा कोट काढून ब्रश करत बसली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कालचा आणि परवाचा राग आज थोडा बसला. कोट खुंटीवर आहे. मला बघतोय.

एक गोष्ट खरी – परवा फोनवर हसले तेव्हा झोंबलं, पण उन्हाळ्यात झोंबलं असतं तसं तळापर्यंत गेलं नाही. मध्येच कुठंतरी थांबलं. खाली काहीतरी आहे, टणक. सकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा शब्द काही नव्हतेच. मी हिच्यासारखं म्हटलं: बघ, आलोय. आणि बसून राहिलो. त्यानं ओळखलं. कुणाला विचारावं लागलं नाही, मी कोण म्हणून.

मी कोण, याचा प्रश्न मिटला म्हणायचा. उरला तो एवढाच – त्या पोराला पहिली हाक ही अशी ऐकवायची का? माझी लाज गेली तरी त्याचं काय? देव जागा भरील. माणसं भरतील का? भरल्या चर्चमध्ये लोकांना मशीन ऐकू येईल की मी?

ही म्हणते, “उद्यापर्यंत ठरवा. व्याह्यांना नाव कानात सांगायला वेळ लागेल, त्यांच्या कानात केस फार.”

४ ऑक्टोबर, शनिवार

लगेच लिहून टाकतो. ही बाजारात गेलीय. दार वाजलं. एरवी आमच्या दाराची सोय अशी: ऐकतो मी, मी हिला ढोसतो, ही ‘कोण?’ म्हणून ओरडते. आज ही नाही. पाववाला पाळणा घेऊन आला असेल, म्हणून भुंगा हनुवटीखाली धरला आणि सवयीनं निवेदनच करून बसलो – “कोण आ – – ए दारात? जरा तांबा – आलोच – दार उगडतो!”

बाहेर एकदम शांत. घाबरून पळाला, म्हटलं. कडी काढली. दारात पाळणा, आणि पाळण्याखाली, तो डोक्यावर घेऊन, मान वाकडी करून कान लावून उभा – वेतवाला.

काठी चौकटीवर वाजली. टक् टक् टक्.

“अरेच्चा! पाळणा तुमचा होय? मला नुसता पत्ता दिला हो, कुणाचा ते सांगितलंच नाही! घसा बदललात वाटतं. पण चाल तीच की! – भोंगेबुवा, माझी गाडी कुठं?”